मिस्सेत सासूबाईंचा आवाज आणि गेटजवळचं एक वाक्य

वाचकांचं पत्र, थोडक्यात:

इंदूरच्या ५२ वर्षांच्या एका कॅथलिक भगिनीचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. त्यांच्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. माहेर श्रीरामपूरकडचं. लग्न होऊन इंदूरला आल्या त्याला साठ वर्षं उलटली. सासरे मिलमध्ये होते आणि घर तेव्हापासून एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एकाच चर्चच्या हद्दीत आहे. दोन-तीन वर्षांपासून सासूबाईंची स्मृती जात चालली आहे, डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला आहे. साठ वर्षं बोललेली हिंदी आता त्यांना सुचत नाही, मराठीच उरली आहे. रविवारच्या हिंदी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, सगळे शांत असताना त्या मोठ्याने मराठीत ‘नमो मरिया’ ही रोजरीतली प्रार्थना सुरू करतात. घंटी वाजली की गप्प होतात, मान खाली घालतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू. लोक वळून बघतात, मुलं हसतात. झावळ्यांच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर पॅरिश कौन्सिलमधल्या एका गृहस्थांनी गेटजवळ चारचौघांत सांगितलं, “भाभीजी, माताजी को अब घर पर ही आराम करने दीजिए. मोबाइल पर भी तो मिस्सा आती है.”

तेव्हापासून सासू-सून दोघी चर्चला गेलेल्या नाहीत. मिस्टर जातात, कारण ते दान मोजणाऱ्यांत आहेत. या भगिनी पूर्वी मिस्सेत बायबलचं वाचन करायच्या, तेही सुटलं, आणि का सुटलं हे कुणी विचारलं नाही. मोबाइलवर मिस्सा लावली तर सासूबाई पाच मिनिटांत उठून जातात. रोज सकाळी विचारतात, “आज रविवार ना? माझी साडी काढ.” मग ‘चर्च बंद आहे’ असं सांगावं लागतं. कधी सुनेला राग येतो, मागून रडू येतं. फादरांना बोलावून तेलाचा संस्कार (आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करतात तो) करून घ्यावा असा विचार आला, तर पुण्याच्या नणंदबाई फोनवर म्हणाल्या, “एवढ्यात कशाला? आई अजून चालती-फिरती आहे.” पत्राच्या शेवटी त्या विचारतात: आमचं हे पाप होतंय का? चर्चशी भांडू, दुसऱ्या चर्चला जाऊ, की आता घरीच राहायचं हे मान्य करू? आणि काय बोलतो आहोत हे ज्यांना कळत नाही, त्यांची प्रार्थना देव ऐकतो का?

उत्तर:

ताई,

पापाचा प्रश्न आधी घेते, कारण तो तुम्हाला सर्वांत जास्त खातो आहे आणि त्याचं उत्तर सरळ आहे. रविवारची मिस्सा हे कॅथलिक माणसाचं कर्तव्य आहे. पण १९९२ च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथात, जिथे हे कर्तव्य सांगितलं आहे, त्या २१८१ व्या परिच्छेदातच गंभीर कारण असेल तर सूट आहे असंही लिहिलं आहे. उदाहरणं दिली आहेत ती आजारपणाची आणि तान्ह्या बाळांच्या देखभालीची. स्मृती गेलेल्या ८४ वर्षांच्या बाईंना घरात एकटं सोडता येत नाही, हे त्याच जातीचं कारण आहे. खुद्द सासूबाईंचा तर प्रश्नच येत नाही. कन्फेशनला जाल तेव्हा हे पाप म्हणून मनावर घेऊन जाऊ नका.

पण ही सूट तुमच्यावरचं ओझं उतरवण्यासाठी आहे. तुम्हाला घरी बसवण्यासाठी तिचा वापर होत असेल तर मला ते मान्य नाही. म्हणून पुढचं सगळं लिहिते आहे.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: “चर्चने आम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं.” ते मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि मग गेटजवळचा प्रसंग पुन्हा वाचला. बोलणारा माणूस एक होता. मिस्सा नुकतीच सुटली होती, त्या वेळी फादर बहुतेक सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीलगतच्या तयारीच्या खोलीत असणार. त्यांना हे माहीत आहे, असं तुमच्या पत्रात कुठेही नाही. तुम्ही त्यांना सांगितलं, असंही नाही. पॅरिश कौन्सिल हे फादरांना सल्ला देण्यासाठी असतं, चर्चच्या कायद्यात त्याचं मत सल्ल्यापुरतंच आहे. कुणी मिस्सेला यावं आणि कुणी येऊ नये हे ठरवायचा अधिकार त्या गृहस्थांना नाही, आणि उद्या अख्खं कौन्सिल एकमताने म्हणालं तरी नाही. तेव्हा तुम्हाला चर्चने काढलेलं नाही. एका माणसाने चारचौघांत तुम्हाला दुखावलं आणि तुम्ही मान खाली घालून घरी आलात. झालं ते चुकीचंच होतं, त्यात शंका नाही. पण तो चर्चचा निकाल आहे असं धरून तुम्ही इतके महिने काढलेत, ते मात्र आता थांबवू या.

आता सासूबाईंच्या आवाजाबद्दल. तुम्ही लिहिता की त्यांना ‘मिस्सा चालली आहे हे कळत नाही’. मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. त्या घंटी वाजली की थांबतात.

हिशोब करून बघा. सासूबाईंचा जन्म १९४० च्या आसपासचा. त्यांचं पहिलं कम्युनियन झालं, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर त्यांनी पहिल्यांदा घेतली, तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असायची. फादर वेदीकडे तोंड करून, बराच भाग हळू आवाजात म्हणायचे. गावच्या बायाबापड्यांना त्यातलं अक्षरही कळत नसे. मग लोक काय करायचे? बाकावर किंवा जमिनीवर बसून आपली रोजरी, म्हणजे मरियेची जपमाळ, म्हणायचे. वेदीवरची घंटी वाजली की समजायचं, आता फादर पवित्र भाकर वर उचलतील. सगळे थांबायचे, वर बघायचे, मान लववायचे, आणि मग पुन्हा मणी पुढे सरकायचे. जगभरच्या कॅथलिक खेड्यांत ही पद्धत होती. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. तिने उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ ला मंजूर केला आणि त्यानंतर हळूहळू मिस्सा लोकांच्या भाषेत आली. म्हणजे तुमच्या सासूबाई लग्न होऊन इंदूरला आल्या, जवळजवळ त्याच सुमाराची ही गोष्ट. हिंदी मिस्सा त्यांच्या आयुष्यात विशी ओलांडल्यावर आली.

डिमेन्शियात बहुधा अलीकडचं आधी जातं आणि लहानपणचं शेवटपर्यंत टिकतं. नंतर शिकलेली भाषा आधी सुटते, पाठ केलेल्या प्रार्थना आणि चालीवरची गाणी राहतात. सासूबाईंचं तेच झालं आहे. हिंदी मिस्सा गळून पडली आणि खालून त्यांच्या माहेरची मिस्सा वर आली. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला जसं शिकवलं होतं, नेमकं तसंच त्या करत आहेत: रोजरी म्हणायची, घंटीला थांबायचं. गोंधळ असा त्यात काहीच नाही. तुमच्या चर्चमध्ये त्या वेळी बसलेल्या पुष्कळ लोकांपेक्षा त्यांचं लक्ष वेदीकडे जास्त आहे, असं मी मनापासून म्हणते.

त्यांची प्रार्थना देव ऐकतो का, याचं उत्तर यापेक्षा वेगळं काय देऊ? रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो. हे ज्यांना सगळं कळतं त्यांच्याबद्दल लिहिलेलं नाही.

दुसरी बाजूही मांडते, कारण ती खोटी नाही. त्या बाकांवर बसलेल्या लोकांनाही प्रार्थना करायची असते. कुणी आठवडाभराच्या कामातून ती एक तासाची शांतता शोधत आलेला असतो, कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलेलं असतं. फादर प्रवचन देत असताना शेजारून मोठा आवाज आला तर लक्ष जातंच. वळून बघणारे सगळे दुष्ट नसतात, बरेच जण फक्त बघतात. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नाही. तुमच्या मागच्या बाकावरच्या बाईंना माहीत आहे का, की सासूबाईंना डिमेन्शिया आहे? तुम्ही घरातलं दुखणं बाहेर बोलला नाहीत, हे मी समजू शकते. आपल्याकडे असं दुखणं झाकूनच ठेवतात. पण झाकून ठेवलं की लोक आपल्या मनाने अर्थ लावतात. कुणाला वाटतं म्हातारी हट्टी आहे, कुणाला वाटतं सून लक्ष देत नाही.

तुम्ही तीन वाटा विचारल्या आहेत.

दुसऱ्या चर्चला जायला नियमाची काही आडकाठी नाही. रविवारची मिस्सा कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये घेतली तरी चालते, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्या एकटीसाठी हा मार्ग ठीक होता. सासूबाईंसाठी मात्र मी नाही म्हणेन. आपल्या चर्चचा जिना, ग्रोटो (मरियेच्या मूर्तीची गुहा), नेहमीचा बाक, पवित्र पाण्याचं भांडं कुठल्या हाताला आहे, हे त्यांच्या पायांना आणि हातांना अजून माहीत आहे. अनोळखी इमारतीत आणि अनोळखी माणसांत डिमेन्शियाचं माणूस जास्त घाबरतं आणि घाबरलं की आवाज आणखी वाढतो.

घरीच राहायचं, ही वेळ कधीतरी येईल. अंथरूण धरलं, चालवेनासं झालं, की येईल. आज आलेली नाही. ज्या बाई रोज सकाळी साडी काढायला सांगतात, त्यांच्यासाठी तरी नाही. मोबाइलवरची मिस्सा ज्यांना जाताच येत नाही त्यांना मोठा आधार आहे, कोविडच्या काळात आपण सर्वांनीच तो अनुभवला. पण कम्युनियन पडद्यातून मिळत नाही, शेजारी बसलेलं माणूसही मिळत नाही. सासूबाई पाच मिनिटांत उठतात ते बरोबरच आहे. त्यांच्या लेखी तो एक छोटा हिंदी टीव्ही आहे.

आणि भांडण? कौन्सिलच्या बैठकीत जाऊन त्या गृहस्थांचं नाव घेऊन बोलावं, असं तुमच्या मनात आहे. तिथे तुमच्या बाजूने चार आणि त्यांच्या बाजूने चार उभे राहतील, मग केरळची माणसं, आदिवासी माणसं, मराठी माणसं असले जुने धागे निघतील आणि सासूबाई बाजूलाच राहतील. आधी फादरांना भेटा, भांडायला म्हणून नाही, सांगायला म्हणून. आपल्या गरजा धर्मगुरूंपुढे मांडणं हा भाविकांचा हक्क आहे, तसं चर्चच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा याचकासारखं जायचं काही कारण नाही. रविवारी मिस्सेनंतरच्या गर्दीत बोलू नका, मधल्या वारी वेळ घेऊन जा. मिस्टरांना बरोबर न्या. असं काही बोला: “फादर, आईला डिमेन्शिया आहे. ती मिस्सेत मराठीत रोजरी म्हणते. झावळ्यांच्या रविवारी आम्हाला तिला आणू नका असं सांगण्यात आलं, तेव्हापासून ती आणि मी आलेलो नाही. तिला यायचं आहे. तुम्ही आम्हाला मदत करा.” नाव त्यांनी विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर राहू द्या.

फादरांकडून काय मागायचं तेही ठरवून जा. सासूबाईंना एकदम रविवारच्या मोठ्या मिस्सेत नेऊ नका. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सकाळच्या मिस्सेपासून सुरुवात करा. ती बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासात आटोपते, माणसं थोडी असतात आणि ती बहुधा जुनीजाणती असतात. संध्याकाळची वेळ टाळा, डिमेन्शियात दिवस कलताना बेचैनी वाढते. बाक बाजूच्या दाराजवळचा घ्या, पण फार मागचा नको. मागे बसलं की समोर फक्त लोकांची डोकी दिसतात. वेदी आणि फादर दिसले की लक्ष तिथे राहतं. रोजरी हातात द्या. तुम्ही त्यांच्या शेजारी बसून तीच रोजरी अगदी हळू आवाजात, त्यांच्या कानाजवळ म्हणा. एकटं माणूस मोठ्याने म्हणतं, सोबत असली की पुष्कळदा आवाज आपोआप खाली येतो. नाहीच आला तर दहा मिनिटं बाहेर ग्रोटोपाशी बसा आणि कम्युनियनला आत या. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटंच बसून परत आलात तरी चालेल.

आणि त्यांना उपाशी नेऊ नका. कम्युनियनच्या आधी एक तास काही खायचं नाही हा नियम वृद्धांना आणि आजाऱ्यांना लागू नाही, त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही. चहा-बिस्किट देऊन न्या, तुम्हीही घ्या. पुष्कळ घरांत हे माहीतच नसतं. भुकेलं म्हातारं माणूस चिडचिड करतं आणि दोष स्मृतीला लागतो.

रविवारच्या मिस्सेत पुन्हा जायला लागाल त्या आठवड्यात फादरांनी सुरुवातीलाच दोन वाक्यं बोलावीत, अशी विनंती करा. नाव घ्यायची गरज नाही. आपल्यात काही वृद्ध आहेत, त्यांना त्यांच्या लहानपणच्या भाषेतल्या प्रार्थनाच आता आठवतात, त्यांचा आवाज आला तर तो प्रार्थनेचा आवाज आहे, एवढं फादरांच्या तोंडून निघालं की वळून बघणं निम्मं कमी होईल.

आता कम्युनियनचं. फादरांना सांगून आजाऱ्यांच्या यादीत सासूबाईंचं नाव घाला. अनेक पॅरिशमध्ये महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरोघरी कम्युनियन नेतात, कुठे फादर स्वतः, कुठे सिस्टर, कुठे त्यासाठी नेमलेले सामान्य भाविक. आयुष्यभर श्रद्धेने कम्युनियन घेत आलेल्या माणसाला आता विसर पडतो म्हणून ते नाकारत नाहीत. पूर्ण होस्ट (पवित्र भाकरीची चकती) गिळता येत नसेल तर लहानसा तुकडा द्यायला सांगा आणि लगेच दोन घोट पाणी पाजा. घट्ट काहीच गिळता येईना अशी अवस्था पुढे आली तर गरजेपोटी केवळ द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन देता येतं. त्या तोंडात धरून ठेवतात किंवा बाहेर काढतात का, हे फादरांना आधीच सांगून ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

नणंदबाईंची भीती जुनी आहे आणि मी तिला हसणार नाही. त्यांनी लहानपणी पाहिलं असेल की फादर तेल घेऊन घरात आले म्हणजे माणूस जाणार. पूर्वी तसंच होतं, शेवटच्या घटकेलाच बोलवायचे. पण १९६३ च्या त्याच दस्तऐवजात परिषदेने सांगितलं की हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्या माणसासाठी नाही, आजारपणाने किंवा म्हातारपणाने जीव धोक्यात येऊ लागला तेव्हाच त्याची योग्य वेळ सुरू होते. नवा विधी १९७२ ला आला. आजार वाढला तर हा संस्कार पुन्हाही घेता येतो. याकोबाच्या पत्रात त्याचं मूळ आहे: कुणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं. तिथे मरणाचा उल्लेख नाही. मला विचाराल तर तो आताच घ्यावा, सासूबाईंना फादरांचा हात कपाळावर जाणवतो आहे तोवर. फादरांनाच नणंदबाईंशी फोनवर बोलायची विनंती करा, तुमच्या सांगण्यापेक्षा ते पटकन पटेल. पॅरिशमध्ये ११ फेब्रुवारीला, लूर्डमातेच्या सणाला, जागतिक रुग्णदिन पाळत असतील (१९९३ पासून तो जगभर पाळतात), तर त्या दिवशी बरेच वृद्ध मिळून हा संस्कार घेतात. आई एकटी नाही, तिच्यासारखे इतरही आहेत हे बघितलं की घरच्यांची धास्ती कमी होते.

‘चर्च बंद आहे’ या खोट्याबद्दल तुम्ही फार लिहिलं आहे. स्वतःला इतकं टोचू नका. पण ते सांगायची गरजच पडू नये असं काही करता येईल. त्या “आज रविवार ना?” असं विचारतात तेव्हा त्यांना तारीख नको असते, प्रार्थना हवी असते. म्हणा, “हो आई, चला.” साडी काढा, नेसवा, घरातल्या अल्तारासमोर (देवघरासमोर) बसवा, मेणबत्ती लावा आणि पाच ‘नमो मरिया’ दोघी मिळून म्हणा. एखादं मराठी गीत म्हणा. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेतलं काही त्यांच्या ओठांवर असेलच. हरेगाव त्यांच्या माहेरापासून जवळ, सप्टेंबरात तिथे जाणं त्या विसरल्या नसतील. दहा मिनिटांत त्यांचा रविवार साजरा झालेला असेल. आठवड्यातून चार वेळा झाला तरी बिघडलं काय?

इंदूरच्या कॅथलिकांत मराठी घरं थोडी आहेत आणि विखुरलेली आहेत, त्यामुळे मराठी मिस्सेची मागणी आत्ताच करू नका, ती माणसं जमवण्यातच वर्ष जाईल. पण तुमच्या भागातला प्रार्थनेचा गट घरोघरी जमत असेल. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या रोजरीत तुमच्या घरी पाळी मागून घ्या. एक दशक (रोजरीतल्या दहा ‘नमो मरिया’) मराठीत होऊ द्या आणि ते सासूबाईंनी पुढे होऊन म्हणू द्या. ज्यांनी चर्चमध्ये वळून बघितलं, त्यातले दोघं-तिघं तिथे त्यांच्या मागून म्हणतील. मल्याळी शेजारीण असेल तर तिलाही तिच्या भाषेत एक दशक म्हणू द्या, तिच्या आईचीही आठवण तिथेच असेल.

आता तुमच्याबद्दल. पत्र सासूबाईंचं आहे, पण ‘वाचन सुटलं’ हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात आणि मी तिथेच अडले. तुम्हाला मिस्सा हवी आहे. तुम्ही त्यांच्या सेविका म्हणून चर्चला जात नव्हतात, तुमची स्वतःची जागा तिथे होती. मग एक विचारते. मिस्टर दर रविवारी जातात आणि तुम्ही दर रविवारी घरी, हे कुणी ठरवलं? दान मोजायला दुसरा माणूस मिळतो. आईजवळ बसायला मुलगा नको का? भांडू नका, सरळ पाळी लावा. एका रविवारी ते, एका रविवारी तुम्ही. शनिवारी संध्याकाळची मिस्सा तुमच्याकडे असेल तर ती रविवारचीच धरली जाते, म्हणजे एकाच आठवड्यात दोघांचंही जमेल. आणि पहिल्यांदा तुम्ही एकट्या जा. मिस्सेआधी वाचकांची यादी बघणाऱ्या व्यक्तीला गाठा आणि म्हणा, “मी सासूबाईंच्या दुखण्यामुळे येत नव्हते, आता महिन्यातून दोनदा येईन, मला वाचन द्या.” कुणी विचारलं नाही याचं तुम्हाला दुःख आहे, ते खरंच आहे. पण त्यांना कदाचित वाटलं असेल की तुमचं मन उडालं.

त्या गृहस्थांना क्षमा करायची का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण त्यांचं नाव आलं की तुमचं अक्षर बदलतं. क्षमेचं नाव घेतलं की इंदूरच्या कॅथलिक घरांत धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) सिस्टर राणी मारियांची आठवण येतेच. २५ फेब्रुवारी १९९५ ला, उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. त्यांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, यांनी तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली ती २००२ साली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरलाच राणी मारियांना धन्य घोषित केलं, तेव्हा हीच गोष्ट जो तो सांगत होता. तुमच्या दुखण्याची तुलना मी तिच्याशी करत नाही. मी फक्त मधली वर्षं बघायला सांगते. १९९५ आणि २००२ यांच्यामध्ये सात वर्षं आहेत. तुम्हाला पुढच्या रविवारपर्यंत मन साफ करायची सक्ती कुणी करू शकत नाही. मिस्सेत एकमेकांना शांती देतात त्या शांतिचिन्हाच्या वेळी ते गृहस्थ समोर आले तर हात जोडा, तेवढं सध्या पुरे. माझा अंदाज असा आहे की त्यांच्याही घरात कुणीतरी म्हातारं आहे किंवा होतं, आणि काय बोलावं ते न सुचून ते असं बोलले. अंदाजच आहे, तो खरा नसेलही.

फादरांनी ऐकलं नाही तर? बहुतेक ऐकतील. पण काही फादर कामाच्या रेट्यात ‘बघू’ म्हणून सोडून देतात. मग महिन्याने पुन्हा जा, या वेळी दोन ओळींचं लेखी पत्र घेऊन. तरीही काही नाही झालं तर बिशप हाउसला पत्र लिहायला तुम्ही मोकळ्या आहात. ते शेवटी, आधी नाही.

ज्या वाचकांच्या घरी असं दुखणं नाही, पण जे त्याच बाकांवर बसतात, त्यांना एक सांगायचं आहे. पुढच्या वेळी असा आवाज आला तर वळून बघितलंत तरी हसून बघा. मिस्सेनंतर त्या सुनेकडे किंवा मुलाकडे जाऊन म्हणा, “कम्युनियनच्या वेळी मी बसते यांच्याजवळ, तुम्ही जाऊन या.” सांभाळणाऱ्या माणसाला महिनोन् महिने रांगेत उभंही राहता येत नाही, हे बाकीच्यांच्या लक्षातच येत नाही. कौन्सिलवर असाल तर जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा दिवस असतो (पोप फ्रान्सिस यांनी तो २०२१ पासून सुरू केला), त्या दिवसाचं काम अंगावर घ्या. घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धांची यादी करा, गाड्यांची सोय करा. आणि घरी कुणाला डिमेन्शिया असेल, कुठे दाखवावं कळत नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, ती हिंदीत बोलते.

ताई, एक राहिलंच. सासूबाई मोठ्याने बोलतात, हे सगळं डिमेन्शियावर टाकण्याआधी त्यांचे कान तपासले आहेत का? कमी ऐकू येणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाजही कळत नाही. म्हातारपणी कानात मळ साचून घट्ट होतो, तो काढला तरी पुष्कळ फरक पडतो. आवाज अचानक वाढला असेल, बेचैनी एकदम सुरू झाली असेल, तर लघवीचं इन्फेक्शन किंवा कुठेतरी दुखत असण्याचीही शक्यता असते, त्यांना ते सांगता येत नाही. फादरांकडे जाण्यापूर्वी, याच आठवड्यात, कानाच्या डॉक्टरांना आणि नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.